कोल्हापूरच्याच अक्षांशावरचं थंडगार शहर : ला पाझ आणि त्याच्या डोक्यावरचं एल आल्तो

९ सप्टेंबर २०२५ च्या संध्याकाळी, आपल्याकडे १० तारखेची पहाट होत असताना, दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियानं ब्राझीलला १-० असं हरवलं. विश्वचषकाच्या पात्रता फेरीतला हा सामना एल आल्तो शहरात झाला, समुद्रसपाटीपासून जवळपास ४,१०० मीटरवर. आमच्या कोल्हापुरात ब्राझीलची पिवळी आणि अर्जेंटिनाची निळी-पांढरी जर्सी पेठापेठांतून दिसते, त्यामुळे चहाच्या टपरीवर विषय निघणारच होता. ‘ही काय खेळायची जागा झाली का?’ हा पहिला प्रश्न. लगेच दुसरा, ‘आणि तिथं माणसं राहतात तरी कशाला?’

दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. तिथं एकदोन वस्त्या नाहीत. ला पाझ आणि तिला चिकटून वरच्या अंगाला असलेलं एल आल्तो, ही दोन्ही मिळून पंधरा लाखांहून जास्त माणसांची शहरं आहेत. बोलिव्हियाची घटनेनुसार राजधानी सुक्रे असली तरी सरकार ला पाझमधून चालतं. या जोडशहरात कोण कुठं राहतो, काय खातो, कामाला कसा जातो, कुणाचं सरकार पडतं, हे सगळं उंचीवर ठरत आलं आहे. म्हणून आधी उंचीच नीट समजून घेऊ.

किती उंच म्हणजे किती?

आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. लेह साधारण ३,५०० मीटर. ला पाझचा मधला भाग ३,६५० मीटर, आणि एल आल्तोचा विमानतळ ४,०६१ मीटर. म्हणजे लेहला विमानातून उतरल्यावर ‘पहिला दिवस पडून राहा’ असं ज्या उंचीवर सांगतात, त्याच्या आणखी पाचशेहून जास्त मीटर वर माणसं बाजारहाट करतात, शाळेत जातात, लग्नात रात्रभर नाचतात.

आता नकाशा पाहा. कोल्हापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १६.७ अंशांवर आहे, ला पाझ दक्षिणेला सुमारे १६.५ अंशांवर. दोघांचं विषुववृत्तापासूनचं अंतर जवळजवळ सारखंच. ला पाझला उंची नसती तर तिथंही आपल्यासारखाच उकाडा असता. पण दर हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. कोल्हापूरपेक्षा ला पाझ तीन हजार मीटरनं उंच, म्हणजे वीसेक अंशांचा फरक. ऊन मात्र उष्ण कटिबंधातलं, डोक्यावरचं, तेही पातळ हवेतून येणारं. म्हणून तिथं उन्हात कातडी भाजते आणि दोन पावलं सरकून सावलीत गेलं की स्वेटर लागतो. आपला पावसाळा म्हणजे त्यांचा कोरडा हिवाळा, आणि त्यांचा पाऊस आपल्या पौष-माघात.

तिथं ऑक्सिजन कमी असतो म्हणजे नेमकं काय?

इथं बहुतेकांची गल्लत होते. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वरही तेवढंच असतं, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब.

घरात गोधड्यांची चळत रचलेली डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात खालची गोधडी वरच्यांच्या वजनानं चेपून घट्ट झालेली असते, वरची मोकळी आणि फुगीर. हवेचंही तसंच आहे. समुद्रकाठी आपण चळतीच्या तळाशी असतो, अख्ख्या वातावरणाचं वजन तिथल्या हवेला दाबून ठेवतं. एल आल्तोत वरच्या बऱ्याच गोधड्या उरलेल्याच नसतात. तिथं दाब समुद्रकाठच्या सुमारे ६० टक्के भरतो. म्हणजे छाती तेवढीच फुगवली तरी आत येणारी हवा विरळ, आणि तिच्यातला ऑक्सिजनही त्या हिशेबानं कमी.

याचा पहिला पुरावा स्वयंपाकघरात मिळतो. दाब कमी असला की पाणी लवकर उकळतं. ला पाझमध्ये ते ८८ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं आणि त्याहून जास्त तापत नाही. भांड्यात खळखळ उकळी फुटलेली दिसते, पण शेंगदाणे आणि कडधान्य तासन्‌तास टणकच राहतात. कुकरशिवाय तिथल्या बाईचं पान हलत नाही. विमानांचीही तीच अडचण. पंखांखाली हवा विरळ म्हणून जास्त वेग लागतो, आणि जास्त वेग घ्यायला धावपट्टी चार किलोमीटर लांब ठेवावी लागते.

शरीर काय करतं?

मी लेहला गेलो होतो तेव्हा हॉटेलचा एक जिना चढून धाप लागली होती आणि रात्री डोकं ठणकत होतं. आंडीज पर्वतात या त्रासाला ‘सोरोचे’ म्हणतात. पहिल्या दिवसांत शरीर श्वास वाढवतं आणि नाडी जलद करतं. आठवड्या-दोन आठवड्यांत रक्तातल्या तांबड्या पेशी वाढू लागतात. या पेशींतलं हिमोग्लोबिन हे ऑक्सिजन वाहून नेणारं द्रव्य. प्रत्येक खेपेला माल कमी येतोय म्हणून शरीर हमालच वाढवतं.

पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहिलेल्या आयमारा आणि केचुआ लोकांच्या रक्तात हिमोग्लोबिन मुळातच जास्त आढळतं आणि छातीचा पिंजराही मोठा. गंमत अशी की तिबेटी लोकांनी हेच कोडं वेगळ्या वाटेनं सोडवलं. त्यांचं हिमोग्लोबिन तेवढं वाढत नाही, ते श्वास जास्त घेतात आणि त्यांचं रक्त पातळ राहतं. डोंगर दोन, माणूस एकच, आणि उत्तरं दोन! आंडीजमधल्या उत्तराची किंमतही आहे. काहींचं रक्त वयाबरोबर इतकं दाट होतं की डोकेदुखी, धाप, निळसर ओठ असा जुनाट आजार जडतो. पेरूचे डॉक्टर कार्लोस मोंखे यांनी १९२५ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्यावरचा खात्रीचा उपाय खाली उतरून राहणं हाच, आणि ज्याचं घरदार वर आहे त्याला हे सांगणं सोपं नसतं.

मग हा सामना म्हणजे अन्याय नाही का?

२००७ मध्ये फिफानं उंचावरच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांवर बंदी घातली होती. बोलिव्हियात संताप उसळला, आणि बंदी पुढच्याच वर्षी स्थगित करावी लागली. बोलिव्हियाच्या बाजूनं उभा राहून ला पाझमध्ये प्रदर्शनीय सामना खेळलेल्यांत मॅराडोनाही होता. १ एप्रिल २००९ रोजी तोच अर्जेंटिनाचा प्रशिक्षक म्हणून तिथं आला आणि ६-१ असा हरून गेला.

खालून आलेल्या खेळाडूला तिथं त्रास होतो, यात वाद नाही. विरळ हवेत चेंडूही जास्त वेगानं जातो आणि हवेत कमी वळतो, त्यामुळे गोलरक्षकाचा अंदाज चुकतो. पण उंचीच सामने जिंकून देत असती तर बोलिव्हिया प्रत्येक विश्वचषकात दिसला असता. २०२५ पर्यंत तो तीनदाच खेळला होता, १९३०, १९५० आणि १९९४. ॲमेझॉनच्या काठच्या दमट उकाड्यात किंवा समुद्रकाठी खेळताना त्यांच्याही खेळाडूंचा घाम निघतो, त्याबद्दल कुणी बंदी मागत नाही. माझं मत स्पष्ट आहे. लाखो माणसं जिथं जन्मतात आणि जगतात, ती जागा खेळायला अयोग्य म्हणणं म्हणजे त्या माणसांनाच पाहुणं ठरवणं.

पण तिथं राहायचंच कशाला?

डोंगराचं टोक मनातून काढून टाका. आंडीजच्या दोन रांगांमध्ये एक प्रचंड सपाट पठार आहे, तिबेटनंतर जगातलं सगळ्यात विस्तीर्ण उंच पठार. त्याला आल्तिप्लानो म्हणतात. त्यावर ३,८१२ मीटर उंचीवर टिटिकाका सरोवर आहे, इतकं मोठं की दुपारी उन्हानं तापलेलं पाणी रात्री काठच्या शेतांना ऊब देतं. सरोवराजवळच तिवानाकूचे भव्य दगडी अवशेष आहेत, इंकांच्या कित्येक शतकं आधीच्या नगरीचे. या लोकांच्या दृष्टीनं हे पठार म्हणजे जगाचा मध्य. आडबाजूला असतो तो समुद्र.

राहण्याची युक्ती होती एकाच उंचीवर अवलंबून न राहण्याची. वर लामा आणि अल्पाका ही लोकरीची जनावरं, पठारावर बटाटा आणि किन्वा, खालच्या दरीत मका, त्याहून खाली गरम उतारांवर कोका आणि फळं. एकाच समाजाची माणसं या सगळ्या पायऱ्यांवर शेतं राखून असत आणि माल वरखाली फिरवत. पेरणीला, घर बांधायला शेजाऱ्यानं यायचं आणि त्याच्या वेळी आपण जायचं, याला तिथं ‘आयनी’ म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्याला ‘इर्जिक’ किंवा ‘सावड’ म्हटलं की जे कळतं, तेच हे.

आणि बटाटा तर त्यांचाच. सात-आठ हजार वर्षांपूर्वी टिटिकाकाच्या परिसरात जंगली कंदापासून तो माणसाळवला गेला. भुईमुगाचं मूळही बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या उतारांवरचं. पोर्तुगीजांबरोबर समुद्रमार्गे आलेली ही पिकं आपण इतकी आपली केली की एकादशीच्या खिचडीत बटाटा आणि दाण्याचं कूट नसेल तर उपवास सुनासुना वाटतो.

त्या बटाट्याचं तिथलं वाळवण ऐका. जूनमध्ये रात्री पठारावर कडाक्याचं दव गोठतं. बायका-पुरुष छोटे बटाटे गवतावर एकेरी पसरतात. रात्री ते दगडासारखे गोठतात, सकाळी उन्हात सुटतात आणि मऊ पडतात. तीन-चार रात्री असं झालं की त्यांचे छोटे ढीग करून अनवाणी पायांनी तुडवतात. पायाखाली पिचक्‌ पिचक्‌ आवाज होतो, साल सुटते, पाणी बोटांच्या फटींतून बाहेर येतं. मग पुन्हा ऊन. उरतो तो काळा, हलका, खडखडीत गोळा. त्याचं नाव चुन्यो. कडू जातीचे बटाटे आठवडेच्या आठवडे गार वाहत्या पाण्यात ठेवले की त्यांचा कडूपणा आणि विषारी अंश निघून जातो आणि पांढरी तुंता मिळते. नीट साठवलेला चुन्यो वर्षानुवर्षं टिकतो. जी थंडी पिकं मारते तिच्याच जोरावर या माणसांनी दुष्काळाची बेगमी केली, तीही वीज किंवा फ्रीज न वापरता.

वरची माणसं, खालची माणसं

मुंबईत मलबार हिलचं उदाहरण आपल्याला पाठ आहे. जितकं वर, तितकं महाग. ला पाझमध्ये नेमकं उलटं. शहर एका खोल वाडग्यात आहे. स्पॅनिश लोकांनी १५४८ मध्ये ते वसवायला घेतलं तेव्हा उघड्या पठारावरच्या झोंबऱ्या वाऱ्यापासून आडोसा म्हणून ते चोकेयापू नदीच्या दरीत उतरले. नदीच्या एका अंगाला स्पॅनिश वस्ती, दुसऱ्या अंगाला मूळ रहिवाशांच्या वाड्या. आज ती नदी मुख्य रस्त्याखाली बंदिस्त वाहते, पण उतरंड टिकून आहे. दक्षिणेचा श्रीमंत भाग ३,३०० मीटरच्या आसपास, जास्त उबदार, जास्त श्वासाचा. वर चढत जाल तशी गिलावा न केलेल्या लाल विटांची घरं, आणि अगदी काठावर, पठारावर, एल आल्तो.

एल आल्तो वाढलं ते खेड्यांतल्या दुष्काळानं आणि खाणी बंद पडल्यानं. १९८५ मध्ये कथिलाचे भाव कोसळले, सरकारी खाणींतल्या वीस हजारांहून जास्त कामगारांची नोकरी गेली आणि त्यांतले कित्येक इथं आले. नळ, गटारं, रस्ते यांतलं बरंचसं गल्लीगल्लीतल्या रहिवासी समित्यांनी स्वतः राबून किंवा भांडून मिळवलं. खेड्यातली आयनी शहरात अशी कामाला आली. आज एल आल्तोची लोकसंख्या खालच्या ला पाझपेक्षा जास्त आहे.

पठाराच्या या काठाला ‘ला सेखा’ म्हणतात, म्हणजे भुवई. आणि ज्याच्या हाती भुवई, त्याच्या हाती खालच्या शहराचा गळा. १७८१ मध्ये तुपाक कातारी आणि त्याची पत्नी बार्तोलिना सिसा यांनी हजारो आयमारा लोकांसह ला पाझला वेढा घातला आणि स्पॅनिशांना महिनोन्‌महिने उपाशी ठेवलं. तुपाक कातारीला घोड्यांना बांधून फाडून मारलं गेलं, पुढच्या वर्षी बार्तोलिनालाही देहदंड झाला. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नैसर्गिक वायू परदेशी निर्यात करण्याविरुद्ध एल आल्तोनं तेच रस्ते पुन्हा अडवले. गोळीबारात साठहून जास्त माणसं गेली आणि राष्ट्राध्यक्ष राजीनामा देऊन देशाबाहेर पळाले. २००६ मध्ये आयमारा समाजातले एवो मोरालेस राष्ट्राध्यक्ष झाले, २००९ च्या राज्यघटनेत स्पॅनिशसोबत ३६ मूळ भाषांना अधिकृत दर्जा मिळाला. देशाच्या पहिल्या उपग्रहाचं नावही तुपाक कातारीच.

वरची माणसं खाली कामाला जायची तर चारशे-साडेचारशे मीटरचा उतार, वळणावळणाचे रस्ते आणि गच्च भरलेल्या मिनीबस. भुयारी रेल्वे या भुसभुशीत उतारावर अवघड. म्हणून ३० मे २०१४ पासून तिथं तारेवर लटकणारे पाळणे धावू लागले, आपण रायगडावर जातो त्या रोपवेसारखेच, पण शहराची रोजची वाहतूक म्हणून. आता दहा मार्ग आहेत, एकूण तीसेक किलोमीटरचे. नाव ‘मी तेलेफेरिको’. हा ‘मी’ आपला नव्हे, स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ ‘माझा’. लाल मार्गावर दहाएक मिनिटांत माणूस भुवईवरून तळाकडे येतो. त्या छोट्या डब्यात घेरदार पोल्येरा घागरा, शाल आणि गोल हॅट घातलेली चोलिता, म्हणजे पारंपरिक वेशातली आयमारा बाई, आणि सुटाबुटातला बँकेचा माणूस गुडघ्याला गुडघा लावून बसतात. एकेकाळी पोल्येरा नेसलेल्या बाईला मोठ्या हॉटेलांत प्रवेश नाकारत असत. २०१९ मध्ये अशाच काही आयमारा बायकांनी पोल्येरा न उतरवता आकोन्काग्वा हे ६,९६१ मीटरचं शिखर सर केलं. आपल्याकडे नऊवारीत हिमशिखर चढण्यासारखं!

एल आल्तोत पैसाही आता दिसू लागला आहे. आयमारा व्यापाऱ्यांच्या झगझगीत रंगांच्या इमारतींना ‘चोलेत’ म्हणतात. वास्तुरचनाकार फ्रेडी मामानी यांनी ही शैली रुजवली. खाली दुकानं, त्यावर झुंबरांचा नाचाचा हॉल, त्यावर भाड्याची घरं आणि सगळ्यात वर मालकाचं घर. पैसा हातात आल्यावरही हा मालक खाली राहायला जात नाही.

कोका म्हणजे अमली पदार्थच ना?

नाही. कोकाच्या पानात कोकेनचा अंश एक टक्क्याहूनही कमी असतो. त्यातून कोकेन काढायला ढीगभर पानं आणि रसायनं लागतात. पान नुसतं गालात धरलं किंवा त्याचा चहा केला तर थकवा आणि उंचीचा त्रास कमी वाटतो, असा तिथल्या लोकांचा पिढ्यांचा अनुभव. शिवाय पान म्हणजे मान. पाहुण्याला द्यायचं, सोयरीक जुळवताना पुढे ठेवायचं, देवाला वाहायचं. आपल्या विड्याचं समाजात जे स्थान, ते तिथं कोकाचं. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानं हे पानही बेकायदा ठरवलं होतं. बोलिव्हिया त्या करारातून बाहेर पडला आणि २०१३ मध्ये, पान चघळण्याचा हक्क राखून, परत आत आला. एका छोट्या देशानं आपल्या पानासाठी एवढं करावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पाचामामा म्हणजे धरतीमाता. पिताना पहिला घोट जमिनीवर शिंपडायचा, हा नेम शहरातही पाळतात. ऑगस्टमध्ये तिची भूक मोठी असते असं मानतात, म्हणून मिठाई, सुगंधी वनस्पती, लामाची चरबी रचून होम करतात. २४ जानेवारीला आलासिताची जत्रा भरते. छोटंसं घर, छोटी गाडी, छोट्या नोटा, जे हवं त्याची बाहुल्यांच्या मापाची प्रतिकृती विकत घ्यायची आणि समृद्धीचा देव एकेको याच्यापुढे ठेवायची.

पण मला सगळ्यात विचारात पाडलं ते आयमारा भाषेतल्या काळानं. ‘नायरा’ म्हणजे डोळा, समोरचं, आणि भूतकाळ. ‘खिपा’ म्हणजे पाठीमागचं, आणि भविष्य. घडून गेलेलं दिसलेलं असतं, म्हणून ते डोळ्यांसमोर. उद्याचं दिसत नाही, म्हणून ते पाठीमागे. जुन्या गोष्टी सांगताना म्हातारी माणसं हात पुढे करतात. विचित्र वाटतं ना? आता आपले शब्द पाहा. ‘पूर्व’ म्हणजे समोरची, सूर्याकडची दिशा, आणि त्यातूनच ‘पूर्वी’ आणि ‘पूर्वज’. ‘पश्चात’ म्हणजे मागे, आणि नंतरही. ‘तुम्ही व्हा पुढं, मी मागाहून येतो’ असं आपण रोज म्हणतो, आणि त्यातलं ‘मागाहून’ हे नंतरचं असतं.

बर्फ संपलं तर?

शहरावर इलिमानीचं ६,४०० मीटरहून उंच शिखर आहे, आणि रांगेत इतर हिमशिखरं. पाऊस चार महिन्यांचा, त्यामुळे कोरड्या दिवसांत हिमनद्यांचं पाणी धरणांना आधार देतं. हिमनदी म्हणजे बँकेतली ठेव. पावसाळ्यात भर पडते, कोरड्या दिवसांत व्याज काढून खायचं. तापमान वाढलं की मुद्दलच वितळू लागतं, आणि काही वर्षं हातात उलट जास्त पैसे येतात. म्हणून ठेव आटतेय हे लवकर लक्षात येत नाही.

शहराजवळच्या चाकालतायाच्या हिमनदीवर, ५,३०० मीटरच्या आसपास, लोक स्कीइंग करत. जगातलं सगळ्यात उंच स्कीइंगचं ठिकाण म्हणून ते ओळखलं जाई. शास्त्रज्ञांनी ती २०१५ पर्यंत टिकेल असं धरलं होतं. २००९ मध्येच ती संपली. क्लबची इमारत अजून आहे, तिच्यासमोर उघडे दगड.

नोव्हेंबर २०१६ मध्ये दुष्काळ पडला, धरणांचा तळ दिसला आणि सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. एल आल्तोला दुसऱ्या धरणांचं पाणी येत असल्यानं वरच्या नळांना त्या वेळी तुलनेनं कमी झळ बसली. कोरडे पडले ते पूर्वेच्या उतारावरच्या वस्त्यांचे आणि खालच्या, उबदार, दक्षिणेच्या श्रीमंत भागाचे नळ. तिथली माणसं बादल्या घेऊन टँकरची वाट बघत रस्त्यावर उभी राहिली.